तानाबाई यंत्राला रागावते

आमच्या घरात चुकणाऱ्याला एकच शिक्षा असते. जिथं चुकलास तिथं परत जा आणि तेच काम पुन्हा कर. हा नियम माझ्या बायकोचा, तानाबाईचा. दिवसभर विटांवर विटा चढवून मी घरी यायचो आणि साखरेऐवजी मीठ आणलेलं असायचं, तर ती मला दुसऱ्या दुकानात जाऊ द्यायची नाही. त्याच दुकानात, त्याच दुकानदारापुढं उभं राहून साखर मागायची. आमची नात पायल लहानपणी हापशावरून येताना सांडायची, तर तीच घागर घेऊन त्याच हापशावर परत. सोबत रागावणं असायचंच. अमडापूरच्या बाजारात तानाबाई भाजी विकायला बसते तेव्हा तिचं रागावणं बैलबाजारापर्यंत ऐकू जातं.

पायल मोठी झाली, इंजिनिअरिंगला गेली आणि तिनं हा नियम कॉम्प्युटरला लावला. तिथून सगळी गंमत सुरू झाली.

तिचं कॉलेज खामगावकडचं. वर्गातल्या बहुतेकांनी प्रोजेक्ट म्हणून हजेरीचं ॲप घेतलं होतं. मागच्या वर्षीच्या मुलांनीही तेच घेतलं होतं, त्याच्या मागच्यांनीही. पायल मात्र तिसऱ्या वर्षालाच म्हणाली, मी कर्नल लिहीन.

"ते काय असते वं?" मी विचारलं.

"आबा, तुमच्या साइटवर मुकादम राहते ना? कोणाले वाळू द्यायची, कोणाले शिडी द्यायची, कोणाचं काम कोणाच्या आंगावर पडू द्यायचं नाई, हे सारं पाहणारा. तसा कॉम्प्युटरातला मुकादम. बाकीचे प्रोग्राम म्हणजे मजूर. सारे लोक तयार मुकादम घेतात. मी माह्या हातानं घडवून राह्यली."

"पगार किती घेईन?" तानाबाईनं विचारलं.

"लाइट खाते फक्त."

बराच काळ हा मुकादम फार हळवा होता. एखादा प्रोग्राम चुकला की यंत्र विचारायचं, आता कोणाला बोलावू? पायलनं अजून कोणाला नेमलंच नव्हतं. बोलवायला कोणी नाही, ही दुसरी चूक. ती चूक सांभाळायलाही कोणी नाही, ही तिसरी. तिसऱ्या चुकीला यंत्र हात टेकायचं. पडदा काळा व्हायचा आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं.

"मेलं काय वं?" तानाबाई चुलीजवळून ओरडायची.

"नाई आजी, परत जलमलं!"

असं ते दिवसातून किती वेळा जन्माला यायचं याचा हिशेब आम्ही सोडून दिला होता. पण कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक अर्पिता मॅडमनी तो सोडला नव्हता. त्यांनी पायलला स्पष्ट सांगितलं, "परीक्षेला पुण्याहून साहेब येतात. ते मुद्दाम चुका करायला लावतील. त्यांच्यासमोर तुझं यंत्र एकदा जरी आपोआप रीस्टार्ट झालं, तर प्रोजेक्ट नामंजूर. मग पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं, आणि तेव्हा हजेरीचंच ॲप."

त्या दिवशी पायल घरी आली ती तोंड पाडून. दोन वर्षं तिनं या मुकादमामागं घालवली होती. मैत्रिणी सिनेमाला गेल्या, ही गेली नाही. चुलतभावाच्या लग्नात नवरदेव घोड्यावर आणि ही मांडवाच्या खांबाला टेकून लॅपटॉपवर. आता ते सगळं एका काळ्या पडद्यावर येऊन ठेपलं होतं.

मग तिनं एकेका चुकीसाठी एकेक जण नेमायला घेतला. कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत याला एक्सेप्शन हँडलिंग म्हणतात. चूक झाली की नेमलेल्यानं धावून यायचं, काय चुकलं ते पडद्यावर सांगायचं, जमलं तर निस्तरायचं, पण यंत्र बंद पडू द्यायचं नाही. आता सांगायचं म्हणजे शब्द हवेत. पायल तानाबाईपुढं मांडी घालून बसली.

"आजी, एक जण दुसऱ्याच्या जागेत घुसला. तू काय म्हणशीन?"

"दुसऱ्याच्या वावरात काऊन शिरला बे?" तानाबाईनं वांगी निवडता निवडता सांगितलं.

"एक जण असं बोलून राह्यला का कोणाले काही कळतच नाई."

"मले समजन असं बोल, नाई तर गुमान बस."

"एकाले सामान पाहिजे, पण ते जागेवर नाई."

"थांब, आणून देते. हे घेय. आता जाय परत."

"अन् एक जण शून्यानं भागून राह्यला."

तानाबाईनं वांगं खाली ठेवलं. तिला गणित तोंडी येतं, बाजारात बसून आलेलं. "शून्य गिऱ्हाइकाईत पाटीभर वांगे वाटून राह्यला काय तो? अबे बह्याडा! शून्यानं कोणी भागते काय? जाय, परत कर!"

पायल हसून हसून आडवी झाली आणि तिनं 'अबे बह्याडा'पासून पुढचं जसंच्या तसं लिहून घेतलं. अशी आणखी बरीच वाक्यं जमली.

पण तिच्या मुकादमाला मराठी अक्षरं येत नव्हती. ती तिनं चौकटीच्या कागदावर ठिपक्याठिपक्यांनी काढली. मला उशिरा वाचायला आलं. विहारातल्या प्रौढांच्या वर्गात मी पाटी घेऊन बसलो तेव्हा पायल पहिलीत होती, आम्ही बाराखडी एकदमच गिरवली. म्हणून तिनं प्रत्येक अक्षर मला दाखवून पास करून घेतलं. तिचा 'ठ' पहिल्यांदा बटाट्यासारखा झाला होता. लागतील तेवढीच अक्षरं काढली. 'झ' काढलाच नाही, कारण तानाबाईच्या रागावण्यात कुठं 'झ' आला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी घरातून किंकाळी आली. मी बाजेवरून उठून धावलो. पायल नाचत होती. एका प्रोग्रामनं सामान मागितलं, सामान जागेवर नव्हतं. मुकादम धावून आला, पडद्यावर तानाबाईचं वाक्य उमटलं, सामान आलं, प्रोग्राम होता त्याच पायरीवर परत गेला, तेच काम त्यानं पुन्हा केलं आणि या वेळी ते झालं!

"आजी, तुहा नियम! जेथं चुकला तेथं परत जाय! सही चाल्ला!"

"मंग? मी काय उगाच सांगते काय," तानाबाई म्हणाली, पण पदर तोंडाला लावून तीही हसत होती.

त्या आनंदात पायलनं तोच नियम सगळ्या चुकांना लावून टाकला. कोणीही चुको, रागवायचं आणि त्याच जागी परत पाठवायचं. सामानाचा खेळ पुन्हा चालवून पाहिला, तो चालला. मग तिनं यंत्र बंद केलं आणि आम्ही तिघांनी आमरस खाल्ला.

कॉलेजातली नवी यंत्रं तिच्या मुकादमाला दारातही उभं करत नव्हती. तो चालायचा तो फक्त घरच्या जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यावर, चिखलीत बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आणलेल्या. म्हणून तो डबाच खामगावला न्यायचा ठरला. तिचा बाप रवी ट्रक घेऊन बाहेरगावी होता. सकाळच्या एसटीत डबा माझ्या मांडीवर, पडदा गोधडीत गुंडाळून तानाबाईच्या मांडीवर.

कंडक्टर आला. "काय हाय बाई गोधडीत? आजारी हाय काय कोणी?"

"आजारी नाई, जरा भडकू हाय. गाडी हळू हाकाले सांगा."

"तिकीट लागन त्याचं."

"कायले? त्यानं सीट अडवली काय? मांडीवर बसलं हाय."

कंडक्टरही गमतीचा होता. "वय काय त्याचं?"

"दोन वर्षं, काका," पायल मागून म्हणाली.

"मंग फुकट," असं म्हणून तो पुढं गेला. लगेच मागच्या सीटवरच्या बाईनं गोधडीवर हात ठेवून विचारलं, "दूध पिते काय हो?" आम्ही खामगाव येईपर्यंत हसण्यातून सावरलो नाही.

पुण्याहून आलेले साहेब बारीक अंगाचे, चष्म्याचे होते. सकाळपासून त्यांनी हजेरीची इतकी ॲपं पाहिली होती की त्यांचे डोळे मिटायला आले होते. पायलनं डबा जोडला, पडदा लावला. आम्हा दोघांना अर्पिता मॅडमनी भिंतीकडेच्या बाकावर बसवलं.

मुकादम सुरू झाला. पडद्याच्या वरच्या बाजूला एक चेंडू उड्या मारायला लागला. तो एक प्रोग्राम. पायलनं खाली दुसरा सुरू केला, त्यानं नसलेलं सामान मागितलं. पडद्यावर आलं: थांब, आणून देते. हे घेय. आता जाय परत. काम झालं. चेंडू उड्या मारतच होता.

साहेबांनी चष्मा वर केला. "हे कुणी लिहिलं?"

"कोड मी, सर. बोलणं आजीचं."

साहेब ताठ बसले. "छान. आता शून्यानं भागा."

पायलचे डोळे चमकले. हेच वाक्य तिला सगळ्यांत आवडायचं. तिनं बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: अबे बह्याडा! शून्यानं कोणी भागते काय? जाय, परत कर!

त्याच्याखाली पुन्हा तेच. त्याच्याखाली पुन्हा. मग ओळी अशा धावायला लागल्या की डोळा ठरेना. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला.

तानाबाईनं मला कोपरानं ढोसलं. "काय लिवलं हाय?"

"अबे बह्याडा."

"अन् त्याच्या पुढं?"

"शून्यानं कोणी भागते काय. जाय, परत कर."

"अन् त्याच्या पुढं?"

"अबे बह्याडा."

"तुम्ही मलेच म्हणून राह्यले काय?"

"मी नाई. तूच म्हणून राह्यली. त्या साहेबाले."

तानाबाईनं पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला. "माय माय माय! बंद करा ते! पुण्याचा माणूस हाय तो!"

वर्गातली मुलं खिडक्यांना चिकटली होती. कोणी तरी मोठ्यानं वाचायला लागला आणि मग सगळेच एका सुरात वाचायला लागले. अर्पिता मॅडमनी कपाळाला हात लावला. पायलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग तिच्या तोंडून फुर्रकन हसू फुटलं. ते तिला आवरेना.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "कळलं काय झालं ते. मी चुकणाऱ्याला त्याच जागी परत पाठवते. सामान नव्हतं तेव्हा आणून दिलं, म्हणून परत गेल्यावर काम झालं. पण शून्य काय, परत गेलं तरी शून्यच! तो परत भागतो, परत चुकतो, परत रागवून घेतो, परत जातो..." आणि ती पुन्हा हसायला लागली. "आमच्या घरी तसंच असते, सर. मले दुसरं सुचलंच नाई!"

"म्हणजे संपलं," अर्पिता मॅडम हळूच म्हणाल्या.

"मॅडम, चेंडू पाहा ना!" पायल म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. चेंडू उड्या मारत होता. जरा थकल्यासारख्या, दमानं, पण मारत होता.

साहेब पडद्याजवळ वाकले. बराच वेळ कधी चेंडूकडं, कधी धावत्या ओळींकडं पाहत राहिले. "रीस्टार्ट झालं नाही हे खरं," ते म्हणाले. "मुकादम जिवंत आहे. पण नुसतं रागावणं म्हणजे चूक सांभाळणं नव्हे. ज्याचं काम होणारच नाही, त्याला थांबवता आलं पाहिजे, बाकीच्यांना धक्का न लावता. ते जमलं तर मंजूर. मला पुढचा गट बघायचाय, तेव्हा..." शिपायानं तेवढ्यात चहा आणून ठेवला. "हा चहा संपेपर्यंत."

चहा कॉलेजातला. दोन घोटांचा.

पायलनं लॅपटॉप ओढला आणि तिची बोटं चालायला लागली. साहेबांनी कप उचलला. तेव्हा माझ्या शेजारचा पदर नाकावरून मागं सरकला आणि तानाबाई उठली. तिनं आमच्या जेवणाचं फडकं सोडून साहेबांपुढं ठेवलं.

"साहेब, नुसता चहा कायले पिता? सकाळपासून उपाशी असान. भाकर हाय. तोंडी लावाले ठेचा हाय."

"नाही नाही, आजी..."

"आमच्या घरचं चालत नाई काय?"

साहेबांनी कप खाली ठेवला आणि भाकरीचा तुकडा मोडून ठेच्यात चांगला बुडवला. मी त्यांना खुणेनं सांगायला गेलो की जरा बेतानं, पण उशीर झाला होता. साहेबांचा चष्मा धुरकटला. त्यांनी पाणी मागितलं, मग गूळ मागितला, मग दुसरा चहा मागितला. पायलची बोटं चालतच होती.

"आजी!" ती मान वर न करता ओरडली. "थांबवायचं जमलं. आता त्याले उठवून लावताना काय म्हणू? लवकर सांग, एकच वाक्य!"

तानाबाईनं तोंड उघडलं. खिडक्यांत मुलं, दारात शिपाई, समोर घाम पुसणारे साहेब, सगळे तिच्याकडं पाहत होते. तिनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. लग्न झाल्यापासून मी पहिल्यांदाच पाहिलं, तानाबाईला रागवायला शब्द सुचेना.

"आजी, अवं साहेबाचा चहा आला!"

"थांब वं... त्याले म्हण... त्याले..." ती माझ्याकडं वळली. "अवो, तुम्ही तरी सांगा काही!"

मी? जन्मभर रागवून घेतलेला माणूस मी. माझ्या तोंडून निघालं, "झालं तेवढं बस झालं."

"आबा, 'झ' नाई आपल्याजवळ!" पायल किंचाळली. खिडकीतली मुलं ओरडायला लागली, दुसरं सांगा, आबा, दुसरं सांगा!

साहेबांनी कप तोंडाला लावला.

मग मी बाकावरून उठलो आणि मनात आलं ते बोललो. साइटवर एखाद्या नव्या पोराला काम जमत नसलं, मागं माणसं खोळंबली असली, की कसं म्हणतो आपण, न ओरडता, तसं. पायलनं ते टाइप केलं, पेन ड्राइव्ह काढला, डब्याला लावला आणि स्वतःच्या हातानं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं.

चेंडू उड्या मारायला लागला. पायलनं शून्यानं भागलं.

पडद्यावर एकच ओळ आली: बस बे. उठ आता. दुसऱ्याले येऊ दे.

आणि थांबली. तिच्याखाली पुन्हा काही आलं नाही. पडदा काळा पडला नाही. वर चेंडू टणाटण उड्या मारत राहिला, मघापेक्षा जोरात. पायलनं दुसरा प्रोग्राम बोलावला, तो आला, त्यानं आपलं काम केलं आणि गेला.

खिडक्यांतून असा गलका उठला की शेजारच्या वर्गातले मास्तर पाहायला आले. अर्पिता मॅडमनी पायलला मिठी मारली. साहेबांनी रिकामा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "मंजूर."

"काय लिवलं हाय?" तानाबाईनं मला विचारलं.

मी वाचून दाखवलं. सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मी बोललेलं वाक्य असं छापल्यासारखं समोर उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं मी ते दोनदा वाचलं.

"घरात तर कवा असं बोलल्याचं ऐकलं नाई," ती म्हणाली.

"घरात माही पाळी कवा येते?"

ती इतकी हसली की तिला बाकाचा आधार घ्यावा लागला.

साहेबांनी सही करायला पेन काढला. पण कागदावर टेकवायच्या आधी त्यांचा डावा हात कीबोर्डकडं गेला. त्यांनी स्वतः शून्यानं भागलं. बस बे. उठ आता. ते खुदकन हसले. पुन्हा भागलं. पुन्हा हसले. बाहेर पुढचा गट आपलं हजेरीचं ॲप घेऊन उभा होता, तोही आत येऊन त्यांच्या खांद्यावरून पाहायला लागला. साहेबांनी पुन्हा बटणावर बोट ठेवलं.

आता मात्र तानाबाईचा आवाज परत आला. बैलबाजारापर्यंत जाणारा.

"ओ साहेब! पोट्टीची सही राह्यली ना! शून्यानं किती वेळा भागून पाहता? उठा आता, दुसऱ्याईले येऊ द्या!"

साहेबांनी बोट उचललं आणि मुकाट्यानं सही केली.